उद्रेक त्यांचा, त्रागा तिचा

जुन्या घराचं काय करायचं हे ठरवायला सगळे जमलो होतो. आधी धाकट्या काकांचा आवाज चढला. वाटणीच्या कागदावरून बोलणं सुरू होतं, ते मध्येच भलतीकडे गेलं. काकांनी हातातली फाइल जमिनीवर आपटली, त्यातले कागद सतरंजीभर पसरले आणि त्यांनी कुठल्या कुठल्या वर्षातल्या गोष्टी काढल्या. मान लाल झाली होती, बोलताना ओठांच्या कडेला फेस जमत होता. ते थांबले तेव्हा कुणीतरी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. आत्या हळूच म्हणाली, "बोलू दे त्याला. किती वर्षांचं साठलंय. कधीतरी उद्रेक होणारच." सगळ्यांनी माना हलवल्या आणि मुलं खाली वाकून कागद गोळा करायला लागली. तासाभराने मोठी काकू उठली. त्या घरात सगळ्यात जास्त वर्षं ती राहिली, सासूसासऱ्यांची आजारपणं तिने काढली, आणि एवढ्या चर्चेत तिला कुणी काही विचारलं नव्हतं. "मला कुणी विचारणार आहे की नाही?" एवढंच ती म्हणाली, पण ते इतक्या मोठ्यांदा म्हणाली की शेवटचे शब्द फाटलेच. मागे सरकलेली खुर्ची भिंतीवर आदळली. खालच्या मजल्यावर ऐकू जाईल म्हणून कुणीतरी उठून दार लावून घेतलं. आणि आत्या त्याच हळुवार आवाजात म्हणाली, "अगं, एवढा त्रागा कशाला करतेस?"

एकाच्या वाट्याला पाणी आलं, दुसरीच्या वाट्याला बंद दार. पण माझ्या मनात सलत राहिले ते शब्द. एकाच खोलीत, एकाच संध्याकाळी, एकाच माणसाच्या तोंडून एका ओरडण्याला 'उद्रेक' म्हटलं गेलं आणि दुसऱ्याला 'त्रागा'. आत्याचं दोघांवर प्रेम आहे, काकूवर तर जरा जास्तच. तिने तोलूनमापून शब्द निवडले नाहीत, जिभेवर आले ते बोलली. म्हणूनच मला ते जास्त लागलं. भाषेने आपल्यासाठी आधीच काही ठरवून ठेवलेलं असतं, आणि आपण बोललो की ते बाहेर येतं.

त्रागा हा खरं तर फार जुना आणि फार भयंकर शब्द आहे. गुजरात-काठियावाडात चारण आणि भाट करारमदारांना जामीन राहत. ज्याच्यासाठी जामीन राहिले त्याने शब्द मोडला, तर ते स्वतःच्या अंगावर शस्त्राने वार करून घेत, कधी जीवही देत. ते रक्त शब्द मोडणाऱ्याच्या माथी, अशी सगळ्यांची श्रद्धा. याला त्रागा करणं म्हणत. ज्याच्या हाती सैन्य नाही, कचेरी नाही, त्याच्याकडे हे एकच हत्यार उरलेलं असायचं: स्वतःचं शरीर आणि समोरच्याची पापाची भीती. आपल्या बोलण्यात येईपर्यंत त्या शब्दातलं रक्त वाळून गेलं, भीतीही गेली. उरला तो स्वतःला त्रास करून घेणाऱ्या माणसाचा आरडाओरडा. त्रागा करणारा माणूस जेवणाच्या ताटावरून उठतो, डोकं आपटून घेतो, घर सोडून जायची भाषा करतो. पण शब्दाची मूळची बैठक अजून तशीच आहे. ज्याला दुसऱ्यावर रागवायची सोय नाही, त्याचा राग स्वतःवर उलटतो, त्याला आपण त्रागा म्हणतो. आत्याने नकळत बरोबर शब्द वापरला, असं मला नंतर नंतर वाटायला लागलं. फक्त "कशाला करतेस" हे तिने जोडायला नको होतं. कशाला, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

त्या दिवसापासून मी कान देऊन ऐकायला लागले. माणसाच्या आतून अचानक काही बाहेर पडतं तेव्हा आपण काय काय म्हणतो! खोकल्याची उबळ येते, हसण्याची येते, कुणाला मध्यरात्री पत्र लिहायची उबळ येते. उबळ थोपवता येत नाही आणि तिच्यात कुणाचा दोषही नसतो. लग्नात, भाषणात किंवा अगदी शोकसभेतसुद्धा हसण्याची उबळ आली तर आपण तोंडावर रुमाल धरतो, आणि बघणारा मनातल्या मनात क्षमा करतो. उमाळा येतो तो मायेचा. त्या शब्दाला जमिनीतून पाझरणाऱ्या पाण्याचा गारवा आहे. कढ मात्र ऊन असतात. रडण्याचे कढ एकामागून एक येतात, दोन कढांच्या मध्ये माणूस जरा सावरल्यासारखा दिसतो आणि परत कोसळतो. तिडीक डोक्यात जाते, दाढेतून जाते तशीच, सरळ आणि बारीक. आणि तिरीमिरी! हा शब्द मला फार खरा वाटतो. तो भोवळीलाही चालतो आणि रागालाही. उन्हातून आल्यावर डोळ्यांपुढे तिरीमिरी येते आणि अपमान झाला की माणूस तिरीमिरीत उठून चालू लागतो. दोन्ही वेळा समोरचं धड दिसत नाही. कुणी तिरीमिरीत घर सोडलं म्हटलं की त्याने चपला घातल्या होत्या का, असं मला विचारावंसं वाटतं.

मराठीत अचानकपणासाठी एक प्रत्ययच आहे, आणि तो दिवसभर आपल्या तोंडात असतो. फाडकन, खाडकन, भसकन, धस्सकन, सर्रकन, खुदकन. यांत 'टचकन' सगळ्यात नाजूक. टचकन डोळ्यांत पाणी आलं. यात रडणं अजून सुरू झालेलं नाही, थेंब ओघळलेला नाही, पापणीच्या आतल्या कडेला नुसतं काहीतरी टोचून ओलं झालंय. ज्याने कुणी हा शब्द पहिल्यांदा वापरला, त्याने तो क्षण अगदी जवळून पाहिला असणार. पण या सगळ्या 'कन'वाल्या शब्दांचं एक असतं. ते फक्त तो क्षण सांगतात. आधी काय होतं, हे त्यांना माहीत नसतं. फाडकन बोलली म्हटलं की तिथेच गोष्ट सुरू होते आणि तिथेच संपते.

उद्रेकाचं तसं नाही.

हा शब्द संस्कृतातल्या 'रिच्' या धातूपासून आलेला आहे. रिच् म्हणजे रिकामं करणं, सोडणं. रिक्त, अतिरेक, विरेचन, रेचक ही सगळी एका घरची भावंडं. प्राणायामात श्वास आत घेणं म्हणजे पूरक, धरून ठेवणं म्हणजे कुंभक आणि सोडणं म्हणजे रेचक. भरायचं, घड्यासारखं धरून ठेवायचं, मग रितं करायचं. उद्रेक त्याच धातूला 'उद्' लागून झाला. वर येणं, मर्यादेच्या पलीकडे जाणं, एखाद्या गोष्टीचं आधिक्य होणं हा त्याचा जुना अर्थ. त्यात ना स्फोट आहे, ना आवाज. संस्कृत साहित्यशास्त्रात तर हा शब्द आनंदाच्या दारात उभा आहे. काव्याचा, नाटकाचा रस अनुभवताना रसिकाच्या मनात सत्त्वगुणाचा उद्रेक होतो, तो इतर दोन गुणांना मागे सारून वर येतो आणि म्हणून तो आनंद निर्मळ असतो, असं ते शास्त्रकार मांडतात. नाटक बघताना अंधारात नकळत डोळे पुसणारा प्रेक्षक हा त्यांच्या लेखी उद्रेकाचा मानकरी होता. आज कुणाला सांगितलं की काल गाणं ऐकताना माझ्या मनात उद्रेक झाला, तर तो काळजीने बघेल.

आज हा शब्द मुख्यतः तीन ठिकाणी भेटतो. ज्वालामुखीचा उद्रेक, साथीचा उद्रेक आणि संतापाचा उद्रेक. मधला वरवर परका वाटतो, पण जुन्या अर्थाला तोच सगळ्यात जवळचा आहे. साथरोगशास्त्रात उद्रेक ठरवताना नुसता रुग्णांचा आकडा बघत नाहीत. त्या जागी, त्या काळात जेवढे रुग्ण अपेक्षित होते त्यापेक्षा जास्त आहेत का, हे बघतात. दरवर्षी शंभर रुग्ण आढळणाऱ्या भागात शंभर सापडले तर तो उद्रेक नव्हे, आणि जिथून एखादा रोग कधीच हद्दपार झाला होता तिथे त्याचा एक रुग्णही उद्रेक ठरू शकतो. माणसांचंही असंच असतं. रोज ओरडणारा आज ओरडला तर घरातल्या मांजराचाही कान हलत नाही. न ओरडणारी एकदा ओरडली की सगळी खोली दचकते. मग दचकलेली खोली "अचानक काय झालं हिला?" असं विचारते. दचकलोय आपण आणि अचानकपणा मात्र तिच्या माथी मारतो.

'रागाच्या भरात' असं आपण सहज म्हणतो, त्यात 'भर' म्हणजे भरलेपणच आहे. ऊर भरून येतो, कंठ दाटून येतो, माया ओसंडते, मन उचंबळतं, राग ओसरतो. भावना म्हणजे पाणी आणि माणूस म्हणजे भांडं, ही कल्पना मराठीत इतकी मुरलीय की ती कल्पना आहे हेसुद्धा आपल्याला जाणवत नाही. भांड्याचं वागणं सगळ्यांना ठाऊक असतं. ते काठापर्यंत येईस्तोवर बाहेरून काही दिसत नाही. एकेक थेंब पडत राहतो आणि शेवटच्या थेंबाला सगळं पाणी चुलीवर सांडतं. ओरडा मात्र त्या शेवटच्या थेंबाच्या नावाने होतो.

यावर आपल्याकडे विचार झालेला नाही असं नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातवा अध्याय आहे, त्याचं नावच 'न वेगान् धारणीय'. जे वेग अडवू नयेत असे 13 वेग त्यात सांगितलेत. मलमूत्र, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, झोप आणि त्यांच्याच रांगेत बाष्प, म्हणजे अश्रू. अश्रू अडवले तर पडसं, डोळ्यांचे विकार, हृदयाचे विकार, अरुची आणि भ्रम होतात, असं तिथे म्हटलंय. पुढे त्याच अध्यायात अडवावेत असे वेग येतात. लोभ, शोक, भय, क्रोध, मत्सर. म्हणजे शोक आवरा पण अश्रू आवरू नका. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे परस्परविरोधी वाटलं होतं. आता वाटतं की ग्रंथकर्त्याने शरीर आणि मन यांच्यामध्ये फार विचारपूर्वक रेघ ओढली आहे. मनाला लगाम घाल, पण शरीर वाट मागत असेल तर ती दे. आपण घराघरात नेमकं उलटं शिकवतो. मुलाला सांगतो, रडू नकोस, मुलीसारखा काय रडतोस. मुलीला सांगतो, आवाज खाली. एकाचे डोळे बांधले, दुसरीचा गळा. मग तो मुलगा मोठा होऊन दुःखातही रागावतो, कारण त्याला तेवढंच दार उघडं असतं. आणि ती मुलगी मोठी होऊन रागातही रडते. काकूचे शेवटचे शब्द फाटले ते याच जागी. ती रागावली होती आणि गळ्याला रडण्याचीच वाट माहीत होती.

ज्वालामुखी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शंकूच्या आकाराचा डोंगर आणि त्यातून उडालेली आग येते. पण आपण ज्या दगडावर उभे आहोत तो वेगळ्याच तऱ्हेच्या उद्रेकातून आला. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ शिलारस वाहत राहिला, पसरत राहिला, थिजत राहिला. मग काही काळ शांतता, मग परत नवा लोंढा. सह्याद्रीच्या कड्यांवर आडव्या पट्ट्या दिसतात ते हे लोंढे. कुठे कुठे दोन काळ्या थरांच्या मध्ये विटकरी रंगाच्या मातीची बारीक पट्टी असते. घाटात दरड कापलेली असेल तर ती स्वच्छ दिसते, बोटांनी उकरली तर भुसभुशीत लागते. दोन लोंढ्यांच्या मधल्या निवांत काळात वरचा दगड कुजून तयार झालेला तो थर. त्या काळात बघणाऱ्याला वाटलं असतं, संपलं सगळं. शिलारस पातळ असला की त्यातले वायू सहज निघून जातात आणि तो नुसता वाहतो. दाट, चिकट असला की वायू आत कोंडतात आणि मग डोंगराचा माथा उडतो. एवढं भूगोलाचं पुस्तक शाळेतच सांगतं. कोंडलेलं असतं ते उडतं. माणसांच्या बाबतीत मात्र हे सांगायला कुठलंच पुस्तक नसतं, तिथे एकदम "स्वभावच तसला" असं उत्तर येतं.

शब्द निवडण्यावर किती अवलंबून असतं, हे इतिहासात तर ढळढळीत दिसतं. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेले. पुढच्या काही दिवसांत हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत पसरलं. सरकारदरबारी त्याची नोंद झाली 'दंगे' म्हणून, आणि दख्खनचे दंगे हेच नाव पुढे रूढ झालं. पण त्या लोकांनी केलं काय, ते बघण्यासारखं आहे. त्यांनी कर्जरोखे मागितले, वह्या मागितल्या आणि त्या भर चौकात जाळल्या. कागद मिळाले तिथे बहुधा माणसांना हात लागला नाही. आंधळ्या संतापात माणूस कागद निवडून काढत नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात इकडच्या कापसाला भाव चढला, कर्ज सहज मिळू लागलं. युद्ध संपलं, भाव कोसळले, त्यातच सरकारने जमीनमहसूल वाढवला, आणि आधी हात सैल सोडणाऱ्या सावकारांनी मूठ आवळली. दहा वर्षं थेंब थेंब पडत होता. शेवटी सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि 1879 मध्ये शेतकऱ्यांना काही संरक्षण देणारा कायदा केला. म्हणजे 'दंगा' म्हणणाऱ्यांनाही कारण शोधावं लागलंच. 1857 बद्दल तर सांगायलाच नको. बंड, उठाव, स्वातंत्र्यसमर यांतला कुठला शब्द उच्चारला, यावरून बोलणारा कुठे उभा आहे ते कळतं.

कायद्यानेही या अचानकपणाशी बरीच झटापट केली आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम 300 चा पहिला अपवाद असा होता की गंभीर आणि अचानक प्रक्षोभामुळे स्वतःवरचा ताबा सुटून कुणी जीव घेतला, तर तो खून धरला जात नाही, गुन्हा जरा सौम्य होतो. 27 एप्रिल 1959 रोजी मुंबईत कमांडर कावस नानावटी यांनी प्रेम आहुजांवर गोळ्या झाडल्या, तेव्हा सगळा खटला या 'अचानक'पाशी येऊन थांबला. पत्नीने दुपारी त्यांना आहुजांशी असलेल्या आपल्या संबंधांबद्दल सगळं सांगितलं होतं. त्यानंतर त्यांनी बायकोमुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन पिस्तूल घेतलं, आधी आहुजांच्या कचेरीत गेले, मग घरी. मधे सुमारे 3 तास गेले होते. ज्यूरीने 8 विरुद्ध 1 मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं, लोकांनी डोक्यावर घेतलं. उच्च न्यायालयाने ज्यूरीचा निर्णय मानला नाही, आणि 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. मधल्या वेळात मन थाऱ्यावर यायला पुरेसा अवधी होता, असं न्यायालय म्हणालं. मला तो निकाल पटतो. पण राग किती वेळात ओसरावा याचं घड्याळ एकदा लावलं, की ते सगळ्यांना सारखं लागू होतं, आणि तिथेच एक मोठी फट राहते.

ती फट इंग्लंडमध्ये किरणजीत अहलुवालिया या पंजाबी बाईच्या खटल्यात सगळ्या जगाला दिसली. दहा वर्षं नवऱ्याची मारहाण सोसून 1989 मध्ये एका रात्री, तो झोपेत असताना, तिने त्याला पेटवून दिलं. तिला खुनाबद्दल जन्मठेप झाली. तिथल्या कायद्यात प्रक्षोभाची सवलत होती, पण ताबा 'अचानक आणि तात्पुरता' सुटलेला हवा, ही अट 1949 पासून चालत आलेली. ती अट घालणारा खटलाही नवऱ्याचा छळ सोसलेल्या एका बाईचाच होता. ज्याच्या अंगात ताकद आहे तो राग आल्याक्षणी हात उचलू शकतो. जिची ताकद नाही ती तेव्हा गप्प राहते, कारण त्या क्षणी बोलली तर मार तिलाच बसणार असतो. मग कायद्याच्या नजरेत पहिल्याचा राग खरा आणि दुसरीचा थंड डोक्याने रचलेला. 1992 मध्ये अपील न्यायालयाने तिची शिक्षा रद्द केली, पण ती तिच्या खचलेल्या मनःस्थितीच्या वैद्यकीय पुराव्यावर. अचानकपणाच्या अटीला तेव्हा धक्का लागला नाही. ती अट गेली 2009 च्या कायद्याने. ताबा अचानक सुटला की हळूहळू, याने आता फरक पडत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. एक शब्द काढायला 60 वर्षं लागली. तिने जे केलं ते मला भयानकच वाटतं, त्या झोपलेल्या माणसाची मरणयातना डोळ्यांआड करता येत नाही. आणि तरीही त्या दहा वर्षांना पुरावा म्हणून उभं राहता यायला हवं होतं, हेही तितक्याच जोराने वाटतं. या दोन वाटण्यांचा माझ्या मनात मेळ बसलेला नाही.

इथे मला स्वतःलाच अडवावंसं वाटतं. साठलेलं होतं म्हणून बाहेर पडलं, हे स्पष्टीकरण काही माणसांच्या फार सोयीचं असतं. अशी माणसं आपण सगळ्यांनी पाहिलीत. "रागीट आहे पण मनाने चांगला", "दोन मिनिटांत विसरतो बघा". तो विसरतो हो. ज्याच्यावर ओरडला तो विसरत नाही. जिन्यावर त्याची पावलं वाजली की घरातला रेडिओ हळू होतो, मुलं वह्या उघडतात, बायको कपाळावरचे केस मागे घेते. अशा माणसाच्या रागाला उद्रेक म्हणायला माझी जीभ वळत नाही. तो साहेबापुढे कधी होत नाही, पाहुण्यांपुढे होत नाही, ताकदवान शेजाऱ्याशी बोलताना होत नाही. मग ती सत्ता आहे आणि ती कुठे गाजवायची हे त्याला पक्कं ठाऊक आहे. असं मी ठामपणे म्हणते, आणि लगेच मला नोकरीवरून थकून आलेली आई आठवते. तीही साहेबाला बोलली नसते, गर्दीत धक्के खात आलेली असते, आणि दप्तर जागेवर नाही एवढ्यावरून पोराच्या पाठीत धपाटा घालते. वड्याचं तेल वांग्यावर. पाणी सांडतं तेही उताराच्याच दिशेने. तिच्या बाबतीत मी 'साठलेलं' हा शब्द मान्य करते आणि त्याच्या बाबतीत नाकारते, तर माझं माप कुठलं? मला एवढंच सुचतं की तिला रात्री झोप लागत नाही. निजलेल्या पोराच्या पाठीवरून हात फिरवत ती बसते. पण पोराच्या पाठीला दोन्ही धपाटे सारखेच लागतात, हेही खरं आहे.

लहान मुलांच्या बाबतीत तर आपण फारच कंजूष आहोत. त्यांच्या रागाला आपल्याकडे धड रागाचं नावसुद्धा नाही. ते भोकाड पसरतात, थयथयाट करतात, आकांडतांडव करतात, हट्टाला पेटतात. या सगळ्या शब्दांत हातपाय आणि आवाज आहे, कारण कुठेच नाही. मूल चार वर्षांचं असतं, त्याच्या दिवसात कपडे कुठले घालायचे, कधी उठायचं, कधी निजायचं यातलं काहीही त्याच्या हातात नसतं, आणि एका निळ्या पेल्यावरून ते जमिनीवर लोळण घेतं तेव्हा आपण पेल्याकडे बघतो.

माझ्या मावसबहिणीची मुलगी त्या वयाची आहे. परवा मी त्यांच्याकडे गेले होते तेव्हा ती आतून आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "आई, मला राग येतोय." आलाय असं नाही म्हणाली, येतोय म्हणाली. बहीण कपड्यांच्या घड्या करत होती. तिने हातातला टॉवेल खाली ठेवून विचारलं, "कुठपर्यंत आलाय?" मुलीने आधी पोटावर हात ठेवला, मग जरा विचार करून तो छातीवर नेला. "मग सांग पटकन, काय झालं ते," बहीण म्हणाली आणि पलंगावर घड्यांच्या शेजारी तिला जागा करून दिली. मुलगी वर चढून बसली आणि बोलायला लागली. तक्रार रंगीत खडूंची होती आणि चांगलीच लांबली. तिच्यातला निम्मा भाग आदल्या दिवशीचा होता.